झोपमावशींची झोप

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, एक्स-रेच्या बोळातून सरळ गेलं की 'शांतता राखा' अशी पाटी लावलेली एक खोली लागते. त्या खोलीत झोपमावशींनी एकतीस वर्षं लोकांना झोपवलं. हुद्दा तसा भारदस्त होता, मेंदूचा आलेख काढणाऱ्या तंत्रज्ञ. पण तो पगाराच्या कागदापुरता. झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना झोपमावशीच म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते आवडे.

मेंदूतले काही बिघाड जागेपणी सापडत नाहीत. माणूस झोपला की मगच ते डोकं वर काढतात. म्हणून पेशंटला पहाटेपासून जागं ठेवून आणायचं, मोजपट्टीने त्याच्या डोक्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा करायच्या, खुणांवर मलम लावून वायरी जोडलेल्या एकवीस चिमुकल्या धातूच्या वाट्या चिकटवायच्या आणि म्हणायचं, झोपा. आता डोक्याला एवढ्या वायरी लावल्यावर कोणाला झोप लागणार? पण मावशींकडे युक्ती होती. त्या खुर्ची ओढून उशाशी बसत आणि अगदी सावकाश विचारत, "तुमच्या घरात शिरलं की डाव्या हाताला काय आहे?" पेशंट सांगे, चपलांचं कपाट. "बरं. आणि त्याच्या पुढे?" माणूस मनातल्या मनात आपल्या घरातून हिंडू लागे. तिसऱ्या खोलीपर्यंत क्वचितच कोणी पोचलं. एक फौजदार तर स्वयंपाकघराच्या दारातच घोरायला लागला होता.

त्या काळी यंत्राला सोळा लेखण्या होत्या. त्या कागदावर कुरकुरत धावत आणि कागद घड्या घेत खालच्या खोक्यात पडत राही. मावशींच्या बोटांवरची निळी शाई रविवारीसुद्धा जात नसे. पेशंटला झोप लागली की लेखण्यांचा आवाज बदले; पाठमोऱ्या असल्या तरी त्यांना ते कळे. झोप जरा मुरली की रेघेत मध्येच एक बारीक, दाट थरथर उमटते, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. तिला डॉक्टर लोक चरख्याच्या चातीवरून चाती म्हणत, म्हणून मावशीही म्हणत. चाती दिसली की एखादं किरकिरं मूल निजवल्याचं सुख त्यांना होई. पुढे लेखण्या गेल्या, शाई गेली, पडद्यावरच्या मुक्या रेघा आल्या. मग मावशीही निवृत्त झाल्या.

आठ वर्षांनी त्या पुन्हा त्या खोलीत आल्या, त्या पेशंट म्हणून.

गेल्या चार महिन्यांत तीनदा असं झालं होतं की दुपारच्या झोपेतून उठल्या आणि अर्धा तास एकच विचारत राहिल्या, आज वार कोणता. एकदा भर बाजारात भाजीची पिशवी घेऊन उभ्या राहिल्या आणि घर कोणत्या बाजूला ते आठवेना. मुलगा भाजी स्वतःच आणू लागला. सून नातीला त्यांच्याजवळ एकटी ठेवेनाशी झाली. मावशींना ते बरोबर कळलं आणि फार लागलं. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी आई त्यांचाच हात धरून विचारी, "तुम्ही कुणाच्या हो?" तेव्हापासून मावशींनी त्या प्रश्नाची धास्ती घेतली होती. डॉक्टर म्हणाले, "एक तर आईसारखं असेल, नाहीतर मेंदूत बारीक झटके येत असतील. अंग हलत नाही, फक्त आठवण पुसली जाते. ते गोळ्यांनी थांबतात. झोपेतला आलेख काढून बघू."

खोलीत आता मावशींनीच शिकवून तयार केलेली मुलगी काम करत होती. मुलगी म्हणजे तिची स्वतःची मुलं कॉलेजात होती. पण मावशींच्या लेखी ती मुलगीच. लेखण्यांच्या यंत्राच्या जागी आता थंड पाण्याची टाकी होती. मलमाचा वास मात्र तोच होता. तो नाकात शिरला आणि मावशींनी नकळत बोटांवरची निळी शाई शोधली.

पहाटे तीनपासून जाग्या, डोळे चुरचुरत होते, तरी झोप येईना. डोळे मिटले की आतली तंत्रज्ञ कामाला लागे. आता रेघ संथ झाली असेल, आता बुबुळं सावकाश फिरताहेत, आता चाती येईलच. एवढं मनात आलं की झोप खाडकन उडे. जन्मभर लोकांच्या झोपेवर पहारा करून बाई आता स्वतःच्याच झोपेवर पहाऱ्याला बसली होती.

"मावशी, घरात शिरलं की डाव्या हाताला काय आहे?"

"हजेरी घेतेयस का माझी? आवाज खाली ठेव."

"बरं. डाव्या हाताला काय आहे?"

"दिवाण. त्यावर नात बसते." मावशींनी डोळे उघडले. "बसायची."

असा पाऊण तास गेला. शेवटी ती मुलगी वैतागून उशाशी बसली. "पुढचा पेशंट बाराला आहे, मावशी. मीही पहाटेची उठलेय. आता तुम्हीच झोपवा मला."

ती आपली बोलून गेली. पण मावशींनी ते मनावर घेतलं. "मग नीट टेकून बस. डोळे मीट. तुझ्या घरात शिरलं की डाव्या हाताला काय आहे?"

"मुलाची सायकल."

"कोणत्या रंगाची?"

"हिरवी. चेन पडते सारखी."

"बरं. तिच्या पुढे?"

"शिलाईचं मशीन."

"त्यावर काय ठेवलंय?"

"उशीचा अभ्रा. अर्धाच शिवलाय."

"बरं... आणि त्याच्या..."

पुढचा शब्द आला नाही. मुलीने डोळे किलकिले करून पडद्याकडे पाहिलं. चांगली ठसठशीत चाती उमटली होती. खुर्ची वाजेल म्हणून ती जागची हलली नाही.

मावशींना जाग आली तेव्हा मुलगी पडद्यासमोर होती, चेहरा कोरा ठेवून. पेशंट आधी आपलं तोंड वाचतो, तेव्हा त्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे मावशींनीच तिला बजावलेलं होतं.

"डॉक्टर सांगतील, मावशी."

"मला शिकवू नकोस. पडदा फिरव इकडे."

मावशींनी डोक्यावरच्या वायरींसकट चष्मा चढवला. पडदा सरकू लागला. डाव्या कानशिलावरच्या रेघेत एक टोकदार काटा दिसला. थोडं पुढे दुसरा. मग लागोपाठ तीन. असा काटा म्हणजे झटक्याची खूण; तो दिसला की आजवर त्यांना पेशंटचं वाईट वाटे. आज त्या एकेका काट्यावर बोट ठेवून मोजत होत्या.

"नऊ आहेत," त्या म्हणाल्या.

"अकरा," मुलगी म्हणाली, आणि तिचा कोरा चेहरा पार विरघळला.

दोघींच्या रडण्याचा आवाज बाहेर गेला असावा. शांततेची पाटी न जुमानता बाहेर बसलेला मावशींचा मुलगा दार उघडून आत आला. आईच्या डोक्याला वायरी, डोळ्यांना धार. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"काय निघालं, आई?"

"फिट येते मला," मावशी रडता रडता हसत म्हणाल्या. "नुसती फिट येते रे."