सांबराचं पित्त

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं सगळं रामायण माझ्या तोंडातून रागात निघालेल्या एका वाक्यामुळे घडलं.

मेलबर्नमधला तो दुसरा, लांबलचक लॉकडाऊन होता. टार्निट उपनगरातल्या घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई वसईहून थोड्या महिन्यांसाठी आल्या आणि सीमा बंद झाल्या म्हणून अडकल्या. नवऱ्याचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर, माझं बेडरूममध्ये, आणि चर्चमधली रविवारची मिस्सा लॅपटॉपवर. तिघांनाही एकमेकांच्या चमच्याचा आवाजसुद्धा सहन होईनासा झाला होता. त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर ठेवलं ते धनुष्याने. आदल्या वर्षी क्लबात शिकले होते, शिकारीचं लायसन्सही काढून ठेवलं होतं. क्लब बंद झाला तेव्हा गॅरेजचं दार लावून आतच गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारायला लागले. मीटिंग संपली की गॅरेज. बॉसचा ईमेल आला की गॅरेज. दोरी गालापर्यंत ओढून धरली की तेवढ्या वेळात जगात महासाथ नसायची.

सासूबाईंना त्या थप्प-थप्प आवाजाचा त्रास व्हायचा. एका संध्याकाळी त्यांची रोझरीची प्रार्थना संपली आणि त्या म्हणाल्या, "उद्या तू खरं जनावर मारशील. खाण्यासाठी मारलंस तर देव समजून घेईल. पण मारून वाया घालवलंस, तर ते पाप."

"पहिलंच जनावर जरी वाया गेलं ना ममी, तर हे धनुष्य या घरात राहणार नाही," मी तडकून म्हणाले.

"येशूच्या फोटोसमोर बोलतेयस," त्या शांतपणे म्हणाल्या. मग काय, शब्द गेला तो गेला.

निर्बंध उठले, घरापासून पंचवीस किलोमीटरच्या आतच फिरायची अट गेली, आणि पहिल्याच शनिवारी आम्ही पहाटे निघून गिप्सलँडच्या डोंगरात पोचलो. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याच्या जमिनीवर शिकारीची परवानगी दिली होती. आपल्याकडे सांबराला हात लावला तर तुरुंगाची हवा खावी लागते. इथे मात्र कुणा साहेबाने कधीकाळी आणून सोडलेलं हे जनावर कुंपणं मोडतं, रोपं फस्त करतं. शेतकरी फाटकाशी दोन मीटर लांब उभा राहून म्हणाला, "टेक अ‍ॅज मेनी अ‍ॅज यू लाइक, मेट." मला एक हवं होतं.

ते मिळालं. ओढ्याच्या वरच्या उतारावर, झाडाएवढ्या उंच नेच्यांच्या गर्दीत उभी असलेली तरुण मादी, माझ्याकडे कूस करून. बाण सुटला, ती दोन उड्यांत दिसेनाशी झाली, आणि मी खाली बसले. बाण लागल्यावर लगेच मागे धावायचं नसतं. जखमी जनावर घाबरून लांब पळतं आणि मग कुणाच्याच हाती लागत नाही. माझ्यासारख्या बाईला त्या उन्हात गप्प बसवणं ही शिक्षाच होती, पण बसले. मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढत गेलो, तर ती फार लांब गेलीच नव्हती. पाठीमागून जाऊन लांब काठीने डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही. मी छातीवर क्रॉसची खूण केली आणि तिच्या मानेवर हात ठेवला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि त्याच वेळी ओरडावंसंही वाटलं.

आता खरी परीक्षा होती. ऊन चढत होतं, माश्या जमायला लागल्या होत्या. जनावराच्या अंगातली ऊब लवकर बाहेर पडली नाही तर मांस बिघडतं, आणि पोटाची पिशवी किंवा मूत्राशय फुटलं तर घाणीने नासतं. मांस नासलं की माझं धनुष्य गेलं, हे नवऱ्यालाही माहीत होतं.

नवऱ्याला रक्त दिसलं की तो पांढराफटक पडतो. त्याने दोन मास्क लावले, तोंड ओढ्याकडे फिरवलं आणि मागचा पाय धरून उभा राहिला. मी हातमोजे चढवले. महासाथीच्या कृपेने घरात खोकीच्या खोकी पडली होती. आधी बाण शोधला, कारण त्याच्या टोकाची पाती ब्लेडसारखी असतात आणि एखादं मोडून आत राहिलं तर पोटात घातलेल्या हाताची बोटंच जायची. बाण आरपार जाऊन, ती आधी उभी होती त्याच्या पलीकडे मातीत रुतला होता. सगळी पाती शाबूत दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला.

लहानपणी भांडताना आम्ही भावंडं एकमेकांना "कोथळा काढीन" म्हणायचो. खरा कोथळा काढणं हे किती नाजूक काम आहे, ते त्या दिवशी कळलं. डोकं चढाकडे, पाय उताराकडे. शेपटीखाली गोल कापून नळी सोडवली आणि सुतळीने घट्ट बांधली, म्हणजे आतली घाण आतच राहते. मग छातीच्या हाडाखाली छोटी चीर दिली. डाव्या हाताची दोन बोटं आत घालून कातडी उचलून धरली आणि त्या दोन बोटांच्या मधून सुरी चालवली. धार वरच्या बाजूला, टोक आतड्यांपासून दूर. घाई करायची नाही, जोर लावायचा नाही. मी, जी दुधाची पिशवीसुद्धा दातांनी फाडते, ती श्वास रोखून बोट-बोट पुढे सरकत होते.

"झालं का?" नवरा ओढ्याला विचारत होता.

"धरून ठेव, सोडू नकोस."

छाती आणि पोटामधला पडदा कापला, वर हात घालून श्वासनलिका सोडवली आणि दोन्ही हातांनी ओढलं. सगळा कोथळा एकसंध, न फुटता, उतारावर घरंगळला. मूत्राशय भरलेलं आणि अखंड. मी इतक्या जोरात "येस!" ओरडले की झाडावरचे पांढरे काकाकुवे उडाले.

मग काळीज, म्हणजे कलेजी, वेगळं करायला घेतलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. काळजाला पित्ताची पिशवीच नव्हती.

आमच्याकडे मुलगी मासळी साफ करायला बसली की तिला पहिला धडा मिळतो: पित्त फोडू नकोस. मग कोंबडी, मग बकरा, जनावर बदलतं पण धडा तोच. एकदा ते हिरवं पाणी सांडलं की कालवण गेलं, आणि आईच्या हातचा धपाटा आला. आणि इथे पित्त गायब. मी काळीज उलटं केलं, पालटलं, पडदा चाचपला, कोथळ्यात शोधलं. काही नाही.

"फुटलं असेल गं," नवरा न बघताच म्हणाला.

माझंच पित्त खवळलं. "अरे, फुटलं असतं तर दिसलं नसतं का?"

आणि हे ओरडल्यावर मला माझंच बोलणं ऐकू आलं. खरंच, दिसलं असतं. फुटलेल्या पित्ताचा डाग राहतो, रिकामी फाटकी पिशवी लोंबते. मी मोजे बदलले, बाटलीतल्या पाण्याने सुरी धुतली आणि पुन्हा पहिल्यापासून बघितलं. काळीज गुळगुळीत, एका रंगाचं, गाठ नाही, ठिपका नाही. आतली पोकळी लालबुंद आणि स्वच्छ, हिरव्याचा लवलेश नाही, वास फक्त ताज्या रक्ताचा. फोनला रेंज नव्हती, विचारायला कुणी नव्हतं. पित्त कुठे गेलं ते मला ठाऊक नव्हतं. पण मांस चांगलं आहे हे माझे डोळे सांगत होते.

"घेऊन जायचं. सगळं," मी म्हणाले.

बरगड्यांमध्ये काठी अडकवून पोकळी उघडी ठेवली, सावलीत गार होऊ दिली. मग तुकडे करून धुतलेल्या सुती उशीच्या अभ्र्यांत भरले, आणि दोघांनी पाठीवरून खेपा करत गाडीतल्या बर्फापर्यंत पोचवले. शेवटच्या खेपेला नवऱ्याने मास्क काढला होता आणि चेहरा चक्क गुलाबी होता. मला त्याचा फार अभिमान वाटला.

हमरस्त्याला लागल्यावर रेंज आली. त्याने आधी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर "सांबर मिळालं!" असं टाकलं. त्यावर समोरच्या घरातल्या पुण्याच्या काकूंचं लगेच उत्तर: "कुठल्या दुकानात? आमच्यासाठीही दोन पाकिटं आण, इडल्या करते." मग त्याने पित्ताचं शोधलं, वाचलं, आणि गाडी कडेला घ्यायला सांगितली.

"अगं, सांबराला पित्ताची पिशवी नसतेच! हरणाच्या जातीतच नसते!"

आम्ही स्टिअरिंगवर आणि डॅशबोर्डवर डोकी टेकून हसत सुटलो. जे नव्हतंच ते मी जीव तोडून शोधत होते, आणि न शोधता जे करायला हवं होतं ते सगळं बरोबर केलं होतं!

पण घरी न्यायाधीश बसल्या होत्या. सासूबाईंनी चष्मा लावला, काळीज ताटात घेतलं आणि उलटं केलं. "पित्त कुठाय?"

"याला नसतंच, ममी."

"सगळ्या जनावरांना असतं. फोडलंस तू."

नवरा फोन पुढे करत होता. त्यांनी तो बाजूला सारला. म्हणाल्या, "जिभेला कळेल." वसईहून जपून आणलेला बॉटल मसाला त्यांनी स्वतःच काढला, कांद्यावर काळीज परतलं आणि पहिला तुकडा तोंडात घालून डोळे मिटले. त्या कडूपणाची वाट बघत होत्या. मी ओट्याला धरून उभी होते.

त्यांनी दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. पावाने ताट पुसून घेतलं.

"ते धनुष्य गॅरेजात का ठेवतेस?" शेवटी त्या म्हणाल्या. "ओल लागते तिथे. माझ्या खोलीत ठेव, कपाटामागे जागा आहे."

मी तशीच गॅरेजात गेले आणि ते आत घेऊन आले.