वाढत्या अंगाचा ॲम्प्लिफायर

बाळांनो, एका दुकानदारावरचा आणि तुमच्या आजोबांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

मनगट मोडल्यापासून माझं संदेशाचे, म्हणजे त्या बंगाली मिठाईला आकार द्यायचे, लाकडी साचे कोरणं बंद पडलं. हाड जुळलं, पण पटाशी धरली की हात थरथरतो. म्हणून बेहालाच्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत मी छोटं सीएनसी यंत्र जमवायला घेतलं. संगणकाने सांगायचं, मोटारींनी हत्यार फिरवायचं. मोडीत निघालेल्या एका छपाई यंत्रातल्या लहान सर्वो मोटारी मला मिळाल्या होत्या. तशा पुन्हा मिळायच्या नाहीत. कंट्रोलरही आणला होता. राहिले होते ॲम्प्लिफायर, म्हणजे कंट्रोलरचा नाजूक इशारा घेऊन मोटारीला ताकदीचा प्रवाह देणारे डबे.

तुमचे आजोबा आणि मी विजेचं सामान मिळतं त्या चांदनीच्या बाजारात गेलो. मोटार किती अँपिअर सोसते ते तिच्यावरच लिहिलेलं असतं. मी मोटार दुकानदारापुढे ठेवली आणि म्हटलं, "या आकड्यापेक्षा जास्त प्रवाह जाता कामा नये." त्याने मोटारीकडे पाहिलं नाही आणि माझ्याकडेही नाही. आजोबांना म्हणाला, "दादा, हा मोठा घ्या, दमदार आहे. माशीमांना खेळायलाच हवाय ना?" माशीमा म्हणजे मावशी, म्हणजे मी.

"मोठाच बरा," आजोबा म्हणाले. "पुढे मोठी मोटार घेतलीस तर उपयोगी पडेल."

"अहो, हा काय पोराचा सदरा आहे, वाढत्या अंगाचा घ्यायला? मोटार वाढत नाही, जळते!"

दोघंही हसले आणि डबे पिशवीत गेले.

घरी मी माहितीपुस्तिका वाचली. प्रवाह कमी करायची सोय होती, पण तो अगदी तळाला आणला तरी माझ्या मोटारीला झेपणारा नव्हता.

"अगं, एकदा लावून तर बघ," आजोबा म्हणाले.

लावून बघ! जळलेली मोटार काय परत येते? मी एकही वायर जोडली नाही.

दुसऱ्या दिवशी बसने एकटीच गेले.

"दादा नाही आले?"

"मोटार त्यांची नाही," असं म्हणून मी ती पुस्तिकेतल्या आकड्याशेजारी ठेवली.

त्याने या वेळी पाहिलं. "पण माशीमा, सगळे हाच नेतात."

"आणि मोटार जाळून दुसरी घ्यायला तुमच्याकडेच येतात!"

मग त्याने मागच्या फळीवरून लहान ॲम्प्लिफायर काढले. वर धूळ होती, म्हणजे कालही ते तिथेच होते! डबे बदलून देताना वर विचारतो, "दादांनी समजावून पाठवलं ना?"

यंत्र आता चालतं. मोटारी जेमतेम कोमट होतात. पहिला साचा शंखाचा निघाला, कडा अशा स्वच्छ की मी बराच वेळ नुसता अंगठा फिरवत बसले. शेजारी बघायला आले, तर आजोबा त्यांना सांगताहेत, "ॲम्प्लिफायर नेहमी मोटारीच्या मापाचाच घ्यावा. लोक उगाच मोठा घेतात."

साचा हातात होता, नाहीतर तिथेच कपाळावर हात मारून घेतला असता.