तिसऱ्या गटातले दादा

तलावावर त्यांना सगळे बाईच म्हणत. एकवीस वर्षं शाळेत खेळ शिकवले, मग नोकरी सोडून एका भागीदाराबरोबर कयाकच्या सहली सुरू केल्या. शाळा सुटली, पण बाई हे नाव काही सुटलं नाही.

सहलींचे तीन गट होते. पहिला नवख्यांचा, काठाकाठाने तासभर. दुसरा बेटापर्यंत. तिसरा पार पलीकडच्या किनाऱ्याला जाऊन परत, चार तासांचा. वाटेत मोकळं पाणी आणि बेभरवशाचा वारा. कोण कुठल्या गटात हे बाई ठरवत. "तुम्हाला कितपत येतं?" असं त्या विचारत, पण उत्तराकडे फारसं लक्ष देत नसत. तोंडाने काय, कुणीही समुद्र ओलांडतो. त्या बघायच्या माणूस होडीत बसतो कसा ते. येणारा आधी बूड टेकवतो, मग पाय आत घेतो. न येणारा होडीत उभा राहून आधाराला काहीतरी शोधतो. एवढ्यावर बाई गट सांगत, आणि सहसा चुकत नसत.

चुकल्या त्या एका रविवारी, सख्ख्या भावाच्या बाबतीत.

दादा चौसष्ट वर्षांचे, टपाल खात्यातून निवृत्त. लहानपणी नदीच्या डोहात पोटाखाली हात धरून त्यांनीच बाईंना पोहायला शिकवलं होतं. त्या दिवशी ते वहिनींना घेऊन आले आणि थेट म्हणाले, "मला तिसऱ्यात घे."

"दादा, आधी एकदा पहिल्यात ये ना. वल्हं हातात बसू दे."

"अगं, तुला पाण्यात कुणी ढकललं होतं? आता मला काठाकाठाने फिरवणार?"

दादा होडीत उभे राहिले आणि त्यांनी धक्क्याची कड घट्ट पकडली. बाईंनी ते पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"बाई, खात्री आहे ना?" भागीदाराने हळूच विचारलं.

"माझा भाऊ आहे."

"मी ते नव्हतं विचारलं."

वहिनी धक्क्यावर थांबल्या आणि आठ होड्या निघाल्या. जाताना वारा पाठीशी होता. दादा सगळ्यांच्या पुढे. मागे वळून ओरडले, "बघ!" बाई नुसत्या हसल्या. पाठीवरचा वारा सगळ्यांनाच शूर करतो, हे त्या दर रविवारी लोकांना सांगत आल्या होत्या.

परतताना तोच वारा तोंडावर आला. अर्ध्या वाटेत दादांचं वल्हं पाण्यात जेमतेम बुडू लागलं. बाई होडी त्यांच्या शेजारी घेऊन आल्या.

"दोर लावते, दादा."

"नको. लोक बघतायत."

"बघू देत."

"नको म्हटलं ना!"

तेवढ्यात एक झोत आला, होडी आडवी झाली आणि दादा पाण्यात गेले. लाइफ जॅकेटमुळे लगेच वर आले, पण चष्मा तळाला गेला होता आणि श्वास काही केल्या जागेवर येत नव्हता. बाईंनी आणि भागीदाराने मिळून त्यांना होडीत चढवलं. मग बाईंनी न विचारता दोर अडकवला आणि दीड तास ओढत आणलं. बाकीचे लाटांत खोळंबले, एकीला तर उलट्या झाल्या. मधूनच बाईंनी वळून पाहिलं, तर दादा डोळे बारीक करून पाण्याकडे बघत होते. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा अनोळखी वाटत होता.

धक्क्यावर वहिनी टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो दादांच्या खांद्यावर टाकला, नवऱ्याला गाडीत बसवलं आणि गेल्या.

होड्या धुताना भागीदार एवढंच म्हणाला, "बाहेरचा माणूस असता तर?"

"पहिल्यात टाकला असता."

बाई हातातला फडका पिळत राहिल्या. दादांना जमेल असं त्यांना क्षणभरही वाटलं नव्हतं. नाही म्हणायचं म्हणजे दादा थकले, हे त्यांच्याही आधी आपण कबूल करायचं. तेवढं धैर्य झालं नव्हतं. आणि त्या भित्रेपणाला आपण मान राखणं म्हणत होतो, याची त्यांना लाज वाटली.

महिनाभर फोन नाही. शेवटी बाईच दादांच्या घरी गेल्या. दादा नव्या चष्म्यातून वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे वर्तमानपत्रामागे बसले होते.

"चूक माझी होती," बाई म्हणाल्या. "तुला नाही म्हणायला हवं होतं."

"म्हणजे मला येत नाही, असंच ना?"

"हो. येत नाही."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. पाठोपाठ वहिनींचं हसू. पदराने डोळे पुसत त्या बाहेर आल्या. "चाळीस वर्षं झाली वन्सं, या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं!"

दादांनी वर्तमानपत्र खाली केलं. रागवावं की हसावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी म्हणाले, "चहा तरी कर."

चहा पिताना वहिनींनीच विषय काढला. "मला घ्याल का पहिल्या गटात? मला पोहता येत नाही, आधीच सांगते."

"चालेल. जॅकेट असतं. शिवाय तुम्ही खरं बोलता, निम्मं काम झालं."

पुढच्या रविवारी वहिनी आल्या आणि दोघांच्या होडीत बाईंच्या पुढे बसल्या. भीती वाटली की "भीती वाटते" म्हणायच्या, थांबायच्या आणि पुन्हा वल्हं मारायच्या. दादा सोबत आले होते, पण होडीला हात लावायला तयार नव्हते. मात्र काठाने होडीच्या बरोबरीने चालत सूचना चालू होत्या. "कोपर वर! अगं, डावीकडे! डावं म्हणजे तुझं डावं!"

वहिनींनी तीनदा ऐकून घेतलं. मग वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "वन्सं, जरा आत जाऊ या का? इथे फार ऐकू येतं."

बाईंनी होडीचं तोंड वळवलं आणि दोघी काठापासून दूर निघाल्या.