दुसऱ्या गिअरमधला आवाज

नवरा गेला आणि त्याची मोटरसायकल माझ्याकडे आली. भाजे गावात बाईनं गिअरची गाडी चालवणं अजून लोकांच्या डोळ्यांवर येतं, येऊ दे. लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात मी पॅकिंग सांभाळते. लोकलनं यायचं तर मळवलीला उतरून चालत घरी येईपर्यंत अंधार पडतो, आणि दिवसभर लक्ष ठेवणाऱ्या शेजारच्या मावशी दिवेलागणीला आपल्या घरी जातात. मग सासूबाईंजवळ कोण?

सासूबाईंना विसर पडत चालला होता. आपला मुलगा गेला, हे त्यांना दर दोन-चार दिवसांनी नव्यानं कळायचं आणि दर वेळी त्या तितक्याच ऊर बडवून रडायच्या. मग एका संध्याकाळी मी गाडीवरून घराचा चढ चढले आणि त्या ओसरीवरूनच म्हणाल्या, "आला." चेहरा इतका निवांत, की माझ्या तोंडून 'नाही' निघेना. "आला, हातपाय धुतोय," मी म्हणाले. जेवण होईपर्यंत त्या विसरूनही गेल्या. तेव्हापासून रोज हेच चाललं. त्यांचं रडणं थांबलं आणि मला तेवढं पुरे होतं. खरंखोटं शिकवायला येणाऱ्यांनी आधी एक रात्र आमच्याकडे काढावी.

सासूबाई गाडीचा आवाज ओळखायच्या, आणि तो आवाज नवऱ्यानं घडवलेला होता. धूर कमी व्हावा म्हणून नव्या गाड्यांना पेट्रोल अगदी मोजूनमापून मिळतं. वेगात ते जाणवत नाही, पण हळू चालवली की गाडी अडेल बैलासारखी हिसके देते. आणि आमच्याकडे शनिवार-रविवारी कार्ला फाट्यापासून धबधब्याला निघालेल्यांची रांग, म्हणजे सगळा कारभार पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. नवरा तापट. त्यानं काड्यापेटीएवढी एक इलेक्ट्रॉनिक डबी मागवून सीटखाली बसवली. सायलेन्सरपाशी एक सेन्सर असतो. तो धुरावरून अंदाज घेऊन इंजिनच्या कॉम्प्युटरला निरोप देतो. ही डबी मधे बसून तो निरोप जरासा फिरवते. कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग तो चिमूटभर जास्त सोडतो. डबी बसल्यापासून गाडी आमच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये न अडखळता, एका सुरात यायची. गावात तशी दुसरी गाडी नव्हती.

भातकापणीच्या दिवसांत मळवलीचं रेल्वे फाटक उघडलं, मी क्लच सोडला आणि गाडीनं असा हिसका दिला की मागच्यानं शिवी हासडली. मीही एक परत केली. तशीच गचके खात घरी पोचले. सासूबाई ओसरीवर उभ्या होत्या, पण "आला" म्हणाल्या नाहीत.

"गाडी त्याचीच हाय," त्या हळूच म्हणाल्या, "पन वर बसलंय ते कोन?"

मी हेल्मेट काढलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागे, उताराकडे. तिथे त्यांना काहीतरी दिसत असावं, कारण त्यांची नजर सावकाश सरकत जवळ येत होती. मी भित्री नाही. तरी मागे वळून बघायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी लोणावळ्यात नवऱ्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेले. त्यानं सीट उचकटली. "डबीत पाणी शिरलंय, ताई. पिना हिरव्या पडल्यात. नवी मागवतो. तोवर वायर सरळ जोडून देतो. गाडी चालेल, फक्त झटके मारेल."

"झटके चालणार नाहीत."

"मग क्लच अर्धा दाबून ठेवा आणि मागचा ब्रेक जरासा लावा. धक्का हातानं गिळायचा."

रोज प्रयत्न केला. सपाटीवर जमायचं, घराच्या चढावर हात दगा द्यायचा. सासूबाई जेवेनाशा झाल्या. रडत नव्हत्या, ते परवडलं असतं. मी ताट घेऊन बसायची आणि त्या बोट वर करून मला गप्प करायच्या. "ऐक. खाली वढ्यापाशी हाय. आता दुसरा गेर टाकंल." गाडी अंगणात उभी, इंजिन थंड. मला काही ऐकू यायचं नाही. एकदाच मला ऐकू आलं, असं वाटलं, आणि त्या रात्री मलाही घास गेला नाही.

अखेर डबी आली. मेकॅनिकनं ती बसवून तिचा काटा इकडेतिकडे फिरवला आणि दुसऱ्या गिअरमध्ये बाजारातून एक चक्कर मारून आला. "लोणी," म्हणाला. खरंच होतं. फाटकात हिसका नाही, ओढ्यावर नाही. चढ लागला तसा तोच एकसुरी आवाज उठला आणि मला इतकं हलकं वाटलं की मी एकटीच हसले. आज म्हातारी जेवणार.

ओसरीवर कोणी नव्हतं. गाडी बंद करून मी दारात गेले. सासूबाई आत जमिनीवर बसल्या होत्या, केस विंचरलेले, लुगडं नीट नेसलेलं. समोर चहाचा रिकामा कप. मी हात लावला तर कोमट होता. जाताना गॅसचा कॉक मी रोज बंद करते, तो त्यांना उघडता येत नाही. मावशींनी घरून आणून दिला असेल. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"आई, आला बघा," मी म्हणाले.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. त्यो मगाच आलाय. च्या पिला न् निजलाय." मग मला खालून वर न्याहाळलं. मला त्या कायम अगं-तुगं करायच्या. "तुमी कोन म्हनायच्या?"

इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा एवढा तृप्त मी पाहिला नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की आतली खोली रिकामी आहे आणि मी तुमची सून आहे. पण ते आतलं दार ढकलून बघायचं माझ्यानं झालं नाही.

"मी शेजारची," मी म्हणाले. "गाडीचा आवाज आला म्हणून डोकावले."

"मंग सावकाश जावा. झोप मोडंल त्याची."

मी बाहेर आले आणि गाडी चालू न करता ढकलत अंगणाबाहेर नेली.