करड्या कापडाचे गठ्ठे

मास्तरांचा हात म्हणजे हात होता, उगाच नाही! चाळीस वर्षं कापड बेतलं, पण चुकलं म्हणून बोटभरही वाया घालवलं नाही. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत मास्तरांच्या नजरेने त्याचं माप घेतलेलं असे. आणि एक दिवस आंघोळ करता करता उजवं अंग लुळं पडलं. झालं!

दोन महिने मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून होते. बायको घास भरवायला आली की डोळे मिटून घ्यायचे. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, दुकानात चला. शिवायला मी आहे, पण बेतायला तुमच्याशिवाय आहे कोण?" मास्तर काठी टेकत टेकत गेले. कात्री मणभर वाटली, खडूची रेघ थरथरली, पण जमलं. महिन्याभरात तर स्वारी गुणगुणायला लागली. बायकोला म्हणाले, "मेलो नाही अजून, बरं का!"

एकच गोष्ट त्यांना खटकायची. मुलगा बेतायला त्यांच्यापुढे टाकी ते कापड नेहमी करडंच असे. "लोकांना दुसरा रंग मिळत नाही की काय?" असं विचारलं की मुलगा म्हणे, "फॅशन आहे, बाबा."

"आग लागो तुमच्या फॅशनला," म्हणून मास्तर पुन्हा कात्री चालवत.

परवा मुलगा दोरे आणायला गेला होता. एक बाई फाटक्या खिशाचा कोट ठेवून गेली. ठिगळासाठी तुकडा हवा म्हणून मास्तर स्वतःच मागच्या खोलीत चिंध्यांच्या पोत्यापाशी गेले. पोतं उपडं केलं, तर चिंध्या कुठल्या! बाह्या निघाल्या, पाठी निघाल्या, विजारींचे पाय निघाले. सगळं करडं. दातात टोक धरून, डाव्या हाताने त्यांनी बांधलेली नाडी प्रत्येक गठ्ठ्याला तशीच होती. कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. पाच महिन्यांचं काम, आणि एकालाही सुई लागलेली नव्हती.

मुलगा परतला तो दारातच थबकला.

"गिऱ्हाइकांचं कापड कोण बेततं?" मास्तरांनी विचारलं.

"मीच. सकाळी, तुम्ही यायच्या आधी. हे करडं मी स्वस्तातलं विकत आणत होतो." त्याने मान खाली घातली. "बाबा, तुम्ही पुन्हा हसायला लागला होतात. आम्हाला वाटलं..."

"आम्हाला? म्हणजे तुझ्या आईलाही ठाऊक होतं?"

मुलगा खाली वाकून गठ्ठे गोळा करू लागला. मास्तरांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "अरे, तोंडावर सांगायचंस की, बाबा, आता तुम्हाला जमत नाही! रडलो असतो चार दिवस. पण हे काय, रडक्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं?"

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुमचं मन राखायला केलं हो आम्ही."

"मन राखलंत? हसं केलंत माझं! मी मूर्खासारखा गुणगुणत होतो आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतात." मग डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी मांडीवर ठेवला.

"आता एकच खरं सांग. वर्षभरात हात पहिल्यासारखा होईल, असं डॉक्टर म्हणाले होते ना? मी बाहेर बसलो होतो. आत जाऊन तूच विचारून आलीस."

"पाणी आणते तुम्हाला," बायको म्हणाली आणि उठली.