आधी दाखव, मग पूस

उधन्याच्या प्रिंटिंग मिलमध्ये साड्यांची सगळी डिझाइनं एका मोठ्या स्टोरेजवर असायची. ते सांभाळणं माझं काम. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची आणि तिला हवं ते अक्षर जोडायचं. -n जोडलं की मशीन काहीही न पुसता, काय पुसलं जाईल ते नुसतं दाखवायचं. -r जोडलं की त्या जागेच्या पोटातलं सगळं जायचं, जुन्या प्रतींसकट. नव्या माणसांना मी बजावायचो, आधी -n, मगच पुढचं. स्वतः कधी लावलं नाही. कमीपणा वाटायचा.

एका दुपारी स्टोरेज भरलं आणि प्रिंटिंग थांबलं. शेठ माझ्या मागे येऊन उभे राहिले. "केटली वार?" किती वेळ लागेल, ते गुजरातीत विचारत होते.

"झालंच, शेठ," म्हणत मी जुनी म्हणून ठेवलेली जागा -r लावून पुसली. नानांना नव्या डिझाइनांसाठी तिच्यातच कोपरा मी काढून दिला होता, हे एंटर दाबल्यावर आठवलं. नाना आमचे डिझाइनर, माझ्यासारखेच खानदेशातले. बाजारात डिझाइन फुटू नये म्हणून मिलबाहेर प्रत न्यायला बंदी होती. त्यामुळे कुठेच काही उरलं नाही.

शेठ ओरडले, तेव्हा मी म्हणालो, "नानांच्याच हातून पुसलं गेलं असणार."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असंल भाऊ. मला कुठं कळतं त्यातलं."

त्यांना कॉम्प्युटरवरून काढून घडीखात्यात बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते साड्यांच्या घड्याच घालत होते.

गेल्या आठवड्यात लिंबायतला त्यांच्या घरी गेलो. फोटो बघायला म्हणून त्यांनी सुनेचा मोबाइल मागितला.

"नको बाबा," ती हसत म्हणाली, "मिलसारखं सगळं पुसून बसाल. काका, तुम्हाला तर माहीतच आहे." आणि चहा टाकायला आत गेली. नानाही हसले.

मला ते हसणं बघवेना. "नाना, ते मी पुसलं होतं," मी म्हणालो, आणि कसं ते सांगितलं.

नानांनी विचारलं, "म्हणजे मी बरोबर ठेवलं होतं?"

"बरोबर ठेवलं होतं."

त्यांनी आत हाक मारली, "ये गं बाहेर. काका काय सांगतात, ऐक."

ती दारात येऊन उभी राहिली. मी खाली बघून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो.

"मोठ्यानं, भाऊ," नाना म्हणाले.