आढीतली हवा

मी हवेचा रस्ता आखते. कारखान्यांत, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत, मासळी साफ करायच्या शेडमध्ये हवा कुठून आत घ्यायची, कुठून बाहेर काढायची, तासाला किती वेळा बदलायची, हे कागदावर काढून देणं हा माझा धंदा. रत्नागिरीत हे कोणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे पंखे विकता काय?" पूर्वी मी चिडायचे. आता "हो" म्हणते आणि सुटते.

खरं सांगायचं तर या कामातला निम्मा वेळ तंद्रीतच जातो. रिकाम्या शेडमध्ये मी उदबत्ती पेटवून उभी राहते. धूर सरळ वर चढतो, मग कुठेतरी अडखळतो, वळतो, एखाद्या फटीकडे ओढला जातो. त्याच्यामागून हळूहळू चालायचं. बाहेरच्या ट्रकांचे आवाज लांब लांब जातात, वेळ कळेनासा होतो. एकदा एका राखणदाराने मला लांबूनच हात जोडले. त्याला वाटलं, बाई वास्तुशांत करत्ये.

पावसजवळ आमची हापूसची बाग आहे, ती आता भाऊ बघतो. बाबांना काचबिंदू. गेल्या काही वर्षांत नजर जवळजवळ गेलीच; समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. पण आंब्यांच्या दिवसांत त्यांचं एक काम त्यांच्याकडेच राहिलं होतं. उतरवलेले आंबे पिकण्यासाठी भाताच्या पेंढ्यावर थरांनी मांडतात, ती आढी. आढी कधी उघडायची नि पेट्या कधी भरायच्या, हे बाबा नाकाने सांगत. सकाळी जुन्या खोलीच्या दारात उभे राहायचे, थोडं थांबायचे आणि म्हणायचे, "उजवीकडची दुसरी उद्या घ्या. कोपऱ्यात एक फळ कुजतंय, ते आधी काढा." आणि तिथे कुजकं फळ निघायचंच.

माल वाढला, खोली पुरेना, म्हणून भावाने मोठी पत्र्याची शेड बांधली. पहिल्याच हंगामात निवडीला बसलेल्या एका बाईला उकाड्याने घेरी आली. पेंढ्याच्या धुळीने सगळ्याच खोकत होत्या. भाऊ म्हणाला, "जगाची हवा खेळवतेस, घरच्या शेडचं बघ की जरा!" मग काय, मी जीव ओतला. पश्चिमेला खाऱ्या वाऱ्यासाठी झडपा, समोरच्या भिंतीवर उंच हवा ओढणारे पंखे. पुढच्या हंगामात धूळ गेली, पत्र्याचा ताव गेला. निवडणाऱ्या काकी म्हणाल्या, "ताई, आता डोकं नाय दुखत हो." मी अभिमानाने फुगले.

आढ्या लावल्या त्याच्या पाचव्या दिवशी बाबा आले. दाराची चौकट धरून उभे राहिले. पंखे मंद घरघरत होते. पाच आढ्या भरून होत्या, दोन पावलांवर आंबे पिवळे होऊन बसले होते. बाबांनी नाक वर करून दोनदा श्वास ओढून घेतला. मग माझ्याकडे तोंड करून विचारलं, "आंबे आत आणलेत ना गो?"

मी म्हटलं, "आहेत ना बाबा. सगळे आतच आहेत." "असं होय," म्हणाले आणि चौकट चाचपत वळले.

दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. तिसऱ्याही नाही. ओटीवर बसून रेडिओ लावायचे, तो संपला तरी तसेच बसायचे. भाऊ आंबा बघून, हलकेच दाबून आढ्या उघडत होता, पेट्या वेळेवर जात होत्या. बाबांवाचून काही अडत नव्हतं, आणि हे त्यांना कळलं होतं. मी समजूत घालायला गेले तर मलाच समजावू लागले, "जाऊ दे गो. मी तरी नुसता उभाच तर असायचो." करायला गेले गणपती नि झाला मारुती! शेडमधला वास मीच, माझ्या हाताने, हिशोब करकरून बाहेर काढला होता. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी संतापले की जेवले नाही.

पहिल्यांदा मी सकाळचे पंखे बंद करून बघितले. वास आला, पण उंच शेडमध्ये पाचही आढ्यांचा एकात एक मिसळून. बाबांना मी बळेच आणलं होतं. ते म्हणाले, "पिकताहेत एवढं कळतं. कुठली ते नाही कळत," आणि घरी चला म्हणाले.

मग मी उजाडता उजाडता उदबत्ती घेऊन शेडमध्ये जाऊ लागले. त्या वेळी मतलई वाहते, डोंगराकडून समुद्राकडे जाणारा सकाळचा वारा. इतका हलका की अंगाला लागतही नाही. पूर्वेच्या भिंतीखाली एक फट होती. तिच्यातून आलेल्या हवेने धूर आडवा केला, एकाच आढीवरून सावकाश पुढे नेला आणि पश्चिमेच्या दारातून बाहेर सोडला. मी त्याच्याबरोबर चालत गेले आणि दारात येऊन पोचले, तेव्हा माझ्याभोवती त्या एका आढीचा वास होता. मी तिथेच पायरीवर बसून राहिले. उदबत्ती विझली तरी मला उठवेना.

सुताराला बोलावून पूर्वेच्या भिंतीत प्रत्येक आढीच्या टोकाला एक लाकडी झडप बसवली. पाच झडपा, पाच दोऱ्या, आणि दोऱ्यांची टोकं पश्चिमेच्या दाराशी; तिथे बाबांसाठी एक खुर्ची मांडली. पंखे बायका कामाला आल्या की लावायचे, त्याआधी नाही. भाऊ म्हणाला, "एवढा खटाटोप?" मी एका दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं.

पहिल्या सकाळी बाबा खुर्चीत बसले ते माझं मन राखायला. मी पहिली दोरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती ओढली, थांबले. वाऱ्याला यायला वेळ लागतो. मग त्यांची मान किंचित वर झाली. "ही परवा." झडप सोडून त्यांनी दुसरी दोरी स्वतःच चाचपली. "ही आज उघडा, उशीर होतोय." तिसरी उद्या. चौथीला म्हणाले, "तळाला एक खराब आहे." मी वाकून हात घातला, फळ मऊ लागलं.

पाचवी ओढून ते बराच वेळ थांबले. पुन्हा ओढली. आणि एकदम खुर्चीतून उठून घराकडे तोंड करून ओरडले, "अरे शिंच्या, पाचव्या आढीत नुसता पेंढा! माल काढलास, नि मला विचारायचं नाही?"

भाऊ अनवाणी धावत आला, "काल संध्याकाळीच काढला, बाबा, राहिलंच सांगायचं," म्हणत. बाबांनी त्याला असा काही झाडला की निवडीच्या बायका वाटेवरच थबकल्या. मी पंखे लावायला निघाले होते. बाबा म्हणाले, "थांब गो, माझं व्हायचंय अजून."